जुने सोने, नवी घडण

‘जुने ते सोने’ अशी म्हण आपल्या तोंडी आहे. पण खुद्द सोन्याला मात्र आपण जुने राहू देत नाही. घरात लग्न निघाले की सासूच्या पाटल्या पेटीतून बाहेर येतात, आजेसासूची सरी बाहेर येते, तुटलेले डूल, एकुलती एक राहिलेली बुगडी, मणी ओघळलेली पोत, असे सगळे एका रुमालात बांधून सोनाराकडे जाते. आठ-पंधरा दिवसांनी त्याच सोन्याचा नवा नग घरी येतो. जुने गेले, नवे आले, सोने मात्र घरचे घरातच राहिले, एवढ्या समाधानाने आपण मोकळे होतो. नागपूरच्या इतवारीतला सराफा असो, की तालुक्याच्या गावी बोळातले एखादे लहानसे दुकान असो, हा व्यवहार सगळीकडे सारखाच.

याला आपल्याकडे ‘मोड’ म्हणतात. मोडीचे सोने, मोडीचा भाव, दागिना मोडीत घालणे, हे शब्द सर्वांच्या ओळखीचे आहेत. आज या मोडीचाच इतिहास थोडा सांगायचा आहे. कारण असे बघा, मोडीत आपले सोने वाचते हे खरे; पण त्याबरोबर घरातले दुसरे एक धन हळूच हातातून निसटते. ते कोणते, हे मागे वळून पाहिले म्हणजे कळते.

श्रोतेहो, आपल्या भागातले फार जुने दागिने कोणाजवळ सापडले, ठाऊक आहे? पुरलेल्या माणसांजवळ. नागपूरजवळ काटोलच्या बाजूला माहुरझरी नावाचे गाव आहे. तिथे माळावर दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. सुमारे अडीच हजार वर्षांमागच्या लोकांनी आपली माणसे इथे पुरली होती, आणि त्यांच्यासंगे मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, तांब्याच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी आणि थोडे सोनेही ठेवले होते. घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साजसुद्धा मिळाला. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८७० साली, बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरे चारणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले होते; काही चकतीसारखे गोल, काही बैलाच्या तोंडाच्या आकाराचे. त्यांतले काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, काही आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात आले.

म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची बाई हातात काय घालीत होती, ते आपल्याला सांगता येते; पण आपल्याच पणजीच्या गळ्यात काय होते, ते घरात कोणाला सांगता येत नाही. कारण साधे आहे. जे पुरले ते राहिले, जे वापरले ते आटले.

आटवणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्याकडे सोने ही शोभेची वस्तू कमी आणि पुंजी जास्त. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, घर त्यांच्या नावे, गुरेढोरे त्यांची. बाईचे म्हणून जे काही असे, ते तिच्या अंगावर असे. त्यालाच आपले धर्मशास्त्र स्त्रीधन म्हणत आले. बी-भरणाला पैसा नाही, तर पाटली गहाण; मुलाला शिकायला पाठवायचे, तर गोठ मोड. पुंजी म्हटली की तिचे रूप बदलणारच. नाणे मोडून दागिना, दागिना मोडून पैसा, पैशाचा पुन्हा दागिना, असा हा फेरा शेकडो वर्षे चालत आला आहे.

या फेऱ्याची सर्वांत चांगली साक्ष म्हणजे पुतळ्यांची माळ. ‘पुतळी’ हे मुळात एका परदेशी नाण्याचे नाव. इटलीत व्हेनिस नावाचे व्यापारी शहर आहे. तिथे १२८४ सालापासून सोन्याचे एक नाणे पाडले जात असे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ चोख. एका बाजूला गुडघे टेकलेला त्यांचा राज्यप्रमुख आणि त्यांचा संत, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या घेरात उभा येशू ख्रिस्त. मिरी-मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारातून हे नाणे आपल्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून देशावर पसरले. आपल्या बायकांनी त्यावरची माणसाची आकृती पाहिली आणि तिला पुतळी म्हटले. सोनाराने नाण्याला कडी लावली, पटवेकऱ्याने रेशमाच्या गोफात ओवले, झाली पुतळ्यांची माळ! व्हेनिसचे ते राज्य १७९७ साली बुडाले, नाणे बंद पडले. पण आपल्या सोनारांनी तशाच चकत्या ठशावर उठवून पुतळ्या घडवणे चालूच ठेवले. पुढे त्यांवर लक्ष्मी आली, राम-सीता आली. एका परक्या राज्याचे नाणे आपल्या घरात लक्ष्मी होऊन बसले.

सोन्याचे जे झाले, तेच चांदीचे. इंग्रजी अमलातला राणीछाप रुपया वजनाने बरोबर एक तोळा, आणि त्याच्या बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. वजनाचे वजन, पैशाचा पैसा आणि दागिन्याचा दागिना! आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे कष्टकरी बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असत त्या याचमुळे.

आता राजवाड्याकडे वळू. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ साली नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. राज्य गेले, त्यामागोमाग राजघराण्याचा चीजवस्तूंचा साठाही गेला. हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव सीताबर्डीला झाला. जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून तिथे १८५५ साली विक्रीला काढले. राजवाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा वृद्ध राणी बांकाबाई यांनी वाड्याला आग लावण्याची भाषा केली, असे जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच नमूद केले आहे. या विक्रीचा पैसा राजकुटुंबाच्याच निर्वाहासाठी ठेवू, असे कंपनी सरकारचे म्हणणे होते. पण पैसा आणि घरचा डाग या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या वृद्ध बाईला कळत होते.

ते दागिने कलकत्त्याहून कोणाकोणाच्या घरी गेले, कोणी मोडले, कोणी हिरे काढून नव्या कोंदणात बसवले, याचा माग आज लागत नाही. हिऱ्यावर नाव कोरलेले नसते. याउलट एक गोष्ट सांगतो. पहिल्या रघूजी भोसल्यांची एक तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. पाते युरोपी, म्हणजे फिरंग, आणि त्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरांत श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांचे नाव उमटवलेले. महाराष्ट्र शासनाने ती तलवार घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. तलवार ओळखू आली, कारण तिच्यावर नाव होते. बांकाबाईंच्या नाकातली नथ समोर आणून ठेवली तरी ती आपल्याला ओळखता येणार नाही, कारण तिचे वर्णन आपल्याजवळ नाही. सोने हरवत नाही हो, हरवते ते त्याचे नाव.

राजाराण्यांची ही गत, मग शेतकऱ्याच्या बायकोची काय? तिची पुंजी बहुतेक चांदीची. कडे, तोडे, वाळे, वाक्या, गोठ. १८९३ सालापर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडी मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे तोळाभर चांदी म्हणजे जवळपास रुपया, असा हिशेब गावोगाव पक्का होता. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत रयतेचे दागिने ढिगांनी येऊन पडले, ते याच भरवशावर. पण २६ जून १८९३ पासून सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. कारण होते विलायतेशी चालणाऱ्या हुंडणावळीचे. रुपयाचा भाव वर टिकला आणि चांदी मात्र खाली घसरली. १८९७ च्या सुमारास रुपयाभार चांदीची किंमत रुपयाच्या साधारण दोन तृतीयांशावर आली होती. आणि नेमक्या याच वेळी मध्यप्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ ओढवले. दुसऱ्यात वऱ्हाडही होरपळला. पायातले तोडे घेऊन बाई सराफाच्या पायरीवर गेली, तेव्हा तोडे तेवढेच वजनदार होते, पण त्यांचे धान्य कमी येत होते. दूरच्या दरबारात झालेल्या एका निर्णयाने तिच्या अंगावरची पुंजी तिच्या नकळत हलकी केली होती. आजही जुन्या घरांत सोन्याचा एखादा नग निघतो, चांदीचे जुने नग मात्र फार कमी निघतात. त्यांतले पुष्कळ त्या दोन दुष्काळांत पोटासाठी गेले असतील.

आता दागिना मोडला म्हणजे सोनाराकडे काय होते, तेही पाहू. आधी कसोटीचा काळा दगड. त्यावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकून दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. हिणकस रेघ विरते, चोख टिकते. मग तराजू. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे जुने माप. म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा आजीच्या चिठ्ठीतला तोळा आणि आजच्या पावतीतला तोळा एक समजू नये. मग खडे, मोती, दोरा वेगळा करायचा. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, ती तापवून काढायची. उरलेले सोने मुशीत घालून बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत, ठेवायचे. टाकणखार टाकायचा आणि फुंकर घालून ताव द्यायचा. १०६४ अंशांच्या तापाला शुद्ध सोन्याचे पाणी होते. ते साच्यात ओतले की लगड झाली. लगड ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा किंवा जंतराच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तार काढायची. या पत्र्यातून आणि तारेतून नवा नग उभा राहतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दागिन्याचे तुकडे जोडायला डाख लागतो, आणि तो लवकर वितळावा म्हणून त्यात तांबे-चांदी जास्त घातलेली असते. दर मोडीला जुना डाख सोन्यात मिसळत जातो आणि कस उतरतो. म्हणून ‘आजीचे सोने, चोखच असणार’ हा भरवसा दर वेळी खरा ठरत नाही आणि त्यात सोनाराची लबाडीच असते असेही नाही. चोख करायचे तर तेजाबात गाळून तांबे-चांदी वेगळी काढावी लागते. सोन्याचा कण मात्र इथे वाया जात नाही. दुकानातली केरधूळ आणि राखसुद्धा झारेकरी विकत घेतो, धुतो आणि तीतले सोने काढतो. वाया जाते ती नक्षी, आणि ती घडवणाऱ्या हाताची ओळख.

हा हातच उखडला जाण्याची वेळ एकदा आली होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकी चलन वाचवायचे म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरेटपेक्षा चोख सोन्याचा दागिना घडवायला बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे शेकडा ५८ भाग सोने, बाकी हीण. असल्या सोन्याचे मंगळसूत्र कोण करवून घेणार? देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर मजुरीला लागले. काहींनी जिवाचे बरेवाईट करून घेतले. अखेर सप्टेंबर १९६३ मध्ये नियम सैल केले आणि एकट्याने काम करणाऱ्या लहान सोनाराला गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्यातून त्याच चोख सोन्याचा नवा दागिना घडवण्याची मुभा मिळाली. नवे सोने दुर्मीळ झाले होते, तेव्हा या कारागिराला हात दिला तो तुमच्या-आमच्या घरच्या मोडीने! १४ कॅरेटचे बंधन १९६६ साली उठले, सुवर्ण नियंत्रणाचा वेगळा कायदा १९६८ साली झाला आणि तो १९९० साली रद्द झाला.

तेव्हा मोडूच नका असे सांगण्यात अर्थ नाही. मोडीवर कारागीर जगला, मोडीवर घरे तरली. पण मोडण्याआधी दोन विचार करावेत, एवढेच म्हणणे आहे.

पहिला विचार असा, की पुष्कळदा मोडायची गरजच नसते. दोरा झिजला, गोफ तुटला, कडी निसटली, म्हणून आपण अख्खी माळ मोडीत घालतो. पुतळ्या, बोरमाळेचे मणी, डोरले, गरसोळी हे सारे ओवायचे नग. पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घेतले की पुन्हा दोन पिढ्या चालतात आणि घडणावळीचा मोठा खर्चही वाचतो. एका माळेच्या दोन लहान माळा करून दोन लेकींना देता येतात. जुन्या डुलाची कडी बदलून पदक करता येते. आणि मोडणेच भाग असेल, तर एखादा जुना मणी राखून नव्या पोतीत मधोमध ओवावा. आजी सोनाराला सांगत असे, “भाऊ, बाकीचं काहीही आटव, पण माह्या पुतळ्यांले हात नको लावू.” ती उगाच हट्ट करीत नव्हती.

मोडायला नेताना खडे, लाख, दोरा काढून उरलेले निव्वळ वजन आपल्यासमोर करवून घ्यावे, कस यंत्रावर तपासून घ्यावा आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहवून घ्यावेत. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून दुकानदाराने विकायच्या प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांची वेगळी खूण आली. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. आणि आणखी एक. डाग जिचा, तिला विचारल्याशिवाय तो मोडू नये. स्त्रीधन तिचे होतेच; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली आहे.

दुसरा विचार नोंदीचा, आणि तो मी विशेषकरून शिक्षक मंडळींपुढे ठेवतो. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना एक काम द्या. घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसायचे आणि एका जुन्या दागिन्याची माहिती वहीत उतरवायची. त्याचे नाव काय, घरात त्याला काय म्हणत, कोणाकडून कोणाकडे आला, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला, कधी गहाण पडला होता का, कधी मोडून पुन्हा घडवला का. नाणे किंवा नक्षीचा पत्रा असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने घासली की ठसा जसाच्या तसा उमटतो. फोटो काढता आला तर उत्तमच. दागिना कोणाचा आणि किती वजनाचा, हे मात्र शाळेत मोठ्याने वाचायला लावू नये, भिंतीवर लावू नये. ती वही घरचीच राहावी. शाळेने जमवायची ती नावे आणि आकार. आपल्या जिल्ह्यात कोणकोणत्या नावांचे दागिने होते, याचा एवढा साठा केला तरी तो लहानसा इतिहास होईल.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुने नाणे वा दागिना निघाला, तर तो सोनाराच्या मुशीत जाऊ देऊ नका, हेही मुलांच्या कानावर घाला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचे असे धन सापडले तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गुंगेरियाच्या त्या गुराखी पोरांच्या हाती लागलेली चांदी मुशीत गेली असती, तर आज आपल्याला तिचा पत्ताही नसता.

घरचा डाग मोडायचा की ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. अडचण कोणाला विचारून येत नाही. पण सोनाराच्या तराजूत घालण्यापूर्वी त्याच्याविषयी चार ओळी लिहून ठेवायला पैसा लागत नाही. यंदाच्या लग्नसराईआधी एवढे काम घरोघर व्हावे.